‘पंगतीची भांडी मोजली, दोन वाट्या कमी’

पत्र

आई गेली त्याला आता वर्ष होईल. सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत ती शिक्षिका होती. कपाट आवरायला घेतलं तेव्हा ठेवणीतल्या साड्यांखाली डायऱ्या निघाल्या, 1983 पासून 2019 पर्यंतच्या. एलआयसीच्या, पतसंस्थेच्या, औषधांच्या दुकानातून मिळालेल्या. आई रोज रात्री काहीतरी लिहिते हे घरात सगळ्यांना माहीत होतं. आम्हाला वाटायचं, हिशेब लिहीत असेल. 2019 मध्ये हात थरथरायला लागला आणि लिहिणं थांबलं.

हिशेब आहेच. दूध, वाण्याची उधारी, भिशी. पण मधूनच एखादं वाक्य असं येतं की वही मिटावी लागते. 1989 मध्ये लिहिलंय, ‘मुलं झाल्यापासून माझं असं काही उरलंच नाही.’ आणखी एके ठिकाणी, ‘मी नसले तरी या घराचं चालेल, पोळ्या कोण करणार एवढाच प्रश्न.’ माझ्या लग्नाच्या दिवशी, 2002 साली, ‘सर्व पार पडले. पंगतीची भांडी मोजली, दोन वाट्या कमी. टेम्पो 350.’ बस्स. दहावीला मी शाळेत पहिली आले त्या दिवशी फक्त ‘पेढे दीड किलो’.

माझी आई हसतमुख होती. शेजारणी तिच्याकडे गाऱ्हाणी घेऊन यायच्या. मग डायरीतली ही बाई कोण? आम्ही पाहिली ती आई खोटी होती का? काही पानांच्या कोपऱ्यात लाल टिंबं आहेत, त्यांचा अर्थ लागत नाही. 1985 मध्ये तीन महिने टिंबच नाही, मग ‘दवाखाना. दोन दिवस रजा’ आणि पुढे आठवडाभर पानं कोरी.

बाबा 78 वर्षांचे आहेत. ‘काय लिहिलंय तिने?’ असं दोनदा विचारून झालं त्यांचं. माझ्याहून तीन वर्षांनी धाकटा भाऊ म्हणतो, गेलेल्या माणसाचं वाचू नये, बंबात घालून मोकळी हो. मी 47 वर्षांची आहे आणि गेले तीन आठवडे मला धड झोप नाही. आणखी एक. मीही मोबाइलवर रोज रात्री काहीबाही लिहिते. आता वाटतं, सगळं पुसून टाकावं. माझी मुलगी चौदाची आहे.

— एक वाचक, सातारा

उत्तर

ताई,

पत्रासोबत पानांचे फोटो पाठवलेत ते बरं केलंत. तुमचं सगळं लक्ष वाक्यांवर आहे. माझं आधी गेलं ते तारखेखालच्या रेघेवर. प्रत्येक पानावर फूटपट्टीने मारलेली रेघ आहे, डाव्या बाजूला समास सोडलाय, आणि चूक झाली तिथे गिरगटवलेलं नाही, एक सरळ आडवी रेघ मारून पुढे शुद्ध लिहिलंय. रात्री ओटा आवरून झाल्यावर, जी वही कुणी तपासणार नाही त्या वहीत ही बाई समास आखत होती. हे टाचण आहे, शिक्षकांनी रोजच्या पाठाची आखणी लिहायची ते. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी रोजचं टाचण लिहिलं, ते मुख्याध्यापकांनी पाहिलं, साहेब आले की साहेबांनी पाहिलं. घटक, उद्दिष्ट, साध्य. जिथे ‘आज मला वर्गात रडू आलं’ असं लिहायला रकानाच नाही, असं लिखाण हाताला लागलं की ते सहजी सुटत नाही.

वही कोण बघणार आहे यावर तिच्यात काय उतरतं हे पुष्कळ ठरतं. गांधीजींच्या नात्यातल्या मनू गांधींनी 1943 मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, कस्तुरबांच्या शुश्रूषेला आल्यावर, रोजनिशी लिहायला घेतली. त्या पानांवर गांधीजी नजर टाकत आणि समासात ‘बापू’ अशी सही करत. अशी रोजनिशी मनाचा आरसा कमी आणि अभ्यासाची वही जास्त असते, तिचा उपयोग वेगळा. तुमच्या आईंच्या वहीवर कुणाची सही नव्हती. तरी कुणाच्या तरी सहीची सवय होती. म्हणून पानभर हिशेब आणि मध्येच एक उघडं वाक्य. ते वाक्य त्या पानावर किती अवघडून उभं आहे बघा. त्याला मागचं-पुढचं काही नाही, आणि लगेच पुढच्या ओळीत दूध दोन लिटर.

आता वाट्यांबद्दल. पत्रात याच ओळीने तुम्ही सर्वांत जास्त दुखावलेल्या दिसता, निदान अक्षरावरून तरी तसं वाटलं. लेकीच्या पाठवणीच्या दिवशी आई वाट्या मोजते! सॅम्युएल पेपिस नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने 1660 ते 1669 अशी नऊ वर्षं लघुलिपीत रोजनिशी लिहिली. माणूस स्वतःबद्दल कमालीचा मोकळा, चोरटी प्रेमप्रकरणंसुद्धा लिहून ठेवणारा. सप्टेंबर 1666 मध्ये लंडन शहर जळत होतं, आग त्याच्या घराच्या रोखाने सरकत होती, त्या दिवशीची त्याची नोंद वाचा. बागेत खड्डा खणून आपण दारू आणि परमेसान चीज पुरलं, असं त्याने लिहिलंय. त्या चीजवर गेली कित्येक वर्षं लोक हसत आले आहेत. मला त्यात हसण्यासारखं फारसं वाटत नाही. शहर वाचवणं हातात नव्हतं, चीज होतं.

2002 च्या त्या संध्याकाळी तुमच्या आईंच्या हातात काय होतं? मांडव उतरवायचा, भांडी परत करायची, टेम्पोवाल्याला पैसे द्यायचे. लेक गेली त्याबद्दल करण्यासारखं काहीच नव्हतं. त्यातून त्यांना रडू आलं होतं, असं मी म्हणणार नाही, कारण मला ते माहीत नाही आणि आता तुम्हालाही कळायचा मार्ग नाही. नोंदीत नाही ते मनात नव्हतं, एवढं तुम्ही धरून चाललात, तेवढं सोडा. आणि पेढे दीड किलो, यावर तर माझं स्पष्ट मत आहे की ती प्राथमिक शिक्षिकेच्या पगारात केलेली बऱ्यापैकी मोठी नोंद आहे. भाऊ दहावी झाला त्या वर्षीची डायरी काढा, त्याच्या वेळी किती आणले ते बघा. (निकाल काही लागो, मला कळवा.)

1989 च्या वाक्याची मात्र मी सारवासारव करणार नाही. ‘मुलं झाल्यापासून माझं असं काही उरलंच नाही’ याचा अर्थ तोच आहे जो तुम्हाला लागला. तुम्ही तेव्हा अकरा वर्षांच्या होता, भाऊ आठ वर्षांचा. नोकरी, दोन मुलं, सासर, आणि शाळेतून आल्यावर चुलीपुढे. एका बाईने त्या रात्री लिहिलं की मी संपले, आणि ते खरं होतं. ज्या मुलीमुळे संपले ती मुलगी 36 वर्षांनी ते वाचते आहे, तेव्हा तिला लागणारच. ‘आई थकलेली होती, तिला तसं म्हणायचं नव्हतं’ असं कुणी समजूत घालायला आलं तर ऐकून घेऊ नका. तसंच म्हणायचं होतं. त्या रात्री.

‘त्या रात्री’ हे मी मुद्दाम वेगळं काढलं. ॲन फ्रँक या ज्यू मुलीला 12 जून 1942 रोजी तेराव्या वाढदिवसाला वही मिळाली आणि पुढच्याच महिन्यात ती घरच्यांबरोबर ॲमस्टरडॅममध्ये नाझींपासून लपायला गेली. आपल्या आईबद्दल, एडिथबद्दल, तिने त्या वहीत इतकं जहाल लिहिलंय की वाचताना आपण अवघडतो. पण 2 जानेवारी 1944 ची नोंद बघा. त्या दिवशी तिने स्वतःचीच जुनी पानं चाळली आणि ती हादरली. एवढा द्वेष लिहिणारी ही मीच का, असं तिने स्वतःला विचारलं. त्या वेळी मी रागात बुडाले होते, दुसरी बाजू बघितलीच नाही, असं तिने कबूल केलं. तरी तिने जुनी पानं फाडली नाहीत, आणि त्यानंतर आई तिला एकदम आवडायला लागली असंही झालं नाही. दोन्ही प्रकारची पानं तशीच राहिली. एडिथ फ्रँक जानेवारी 1945 मध्ये आउशवित्झला मरण पावल्या, त्यांनी यातलं काही वाचलं नाही. युद्धानंतर वाचलं ते वडिलांनी, ओटो फ्रँक यांनी. त्या लपण्याच्या जागेत दोन वर्षांहून जास्त काळ ते रात्रंदिवस त्या मुलीबरोबर राहिले होते. बापलेकीचं चांगलं जमायचंही. तरी ते पुढे म्हणाले की त्या वहीतली ॲन आपल्याला माहीत असलेल्या मुलीपेक्षा फार वेगळी होती, तिच्या मनात इतकं खोल काही चाललंय याची आपल्याला कल्पना नव्हती.

मोजक्या खोल्या, बाहेर पडायची सोय नाही, तरी बापाला कळलं नाही. तुम्हाला तर शाळा होती, मैत्रिणी होत्या, मग सासर होतं. आईंच्या मनातलं तुम्हाला कळलं नाही यात तुमचं काही चुकलेलं नाही, आणि आईंनी तुम्हाला फसवलेलंही नाही.

खरी आई कोणती, हा तुमचा प्रश्न. या बाबतीत आपल्याकडे एक गैरसमज पक्का बसलाय की माणूस चारचौघांत वागतो ते नाटक आणि गुपचूप लिहितो ते खरं. मला हे पटत नाही. शेजारणीचं गाऱ्हाणं ऐकून घेताना तुमची आई खोटी नव्हती. तिला ते जमत होतं, आवडतही असणार. नाहीतर बायका पुन्हापुन्हा आल्या नसत्या. फक्त तिचं गाऱ्हाणं ऐकायला कुणी नव्हतं. सगळ्या आळीचं ऐकणाऱ्या बाईने आपलं कुणाला सांगायचं? बाहेर जे कुठेच ठेवता आलं नाही तेवढंच वहीत आलं. बाकीची आई, हसणारी, रागावणारी, तुमच्या वेण्या घालणारी, तिला वहीची गरजच नव्हती. तिच्या नोंदी तुमच्याजवळ आहेत, तिच्या विद्यार्थ्यांजवळ आहेत. म्हणून डायरी वाचताना माणूस नेहमी असतो त्याहून दुःखी दिसतो. सुखाच्या दिवशी माणसं लवकर झोपतात.

लिहिल्याने त्यांना मोकळं वाटत असेल का, असं तुमच्या मनात नक्की येत असणार. जेम्स पेनेबेकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचा 1986 मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. महाविद्यालयातल्या मुलांना लागोपाठ चार दिवस रोज 15 मिनिटं लिहायला बसवलं. काहींनी किरकोळ विषयावर लिहिलं, काहींनी आयुष्यातल्या सर्वांत दुखऱ्या गोष्टीवर. दुखऱ्या गोष्टीबद्दल जे घडलं ते आणि जे वाटलं ते, दोन्ही लिहिणारी मुलं लिहून उठल्यावर आधीपेक्षा जास्त उदास होती. पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या खेपा किरकोळ विषयावर लिहिणाऱ्यांपेक्षा कमी राहिल्या. नंतरच्या अभ्यासांत हा फायदा बेताचाच निघाला. एक गोष्ट मात्र त्यात दिसली की ज्यांना फायदा झाला त्यांच्या लिखाणात दिवसागणिक ‘कारण’, ‘लक्षात आलं’ असे शब्द वाढत गेले, म्हणजे ती नुसती भडास काढत नव्हती, गुंता सोडवत होती. मला दिसलेल्या पानांत तुमच्या आईंनी कुठे कारण शोधलेलं नाही. एक वाक्य टाकलं, वही मिटली. त्यांना त्याने किती बरं वाटलं असेल याची मला शंका आहे. तुमचं सांत्वन व्हावं म्हणून उलटं सांगण्यात अर्थ नाही.

आता ती लाल टिंबं. दुसऱ्या कुणाच्या डायरीत पाहिली असती तर तुम्ही क्षणात ओळखली असती. भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या चौकटीत अशी खूण करणाऱ्या बायका तुमच्या-माझ्या घरात होत्या. पाळीच्या तारखा आहेत त्या, मला जवळजवळ खात्री आहे. दोन टिंबांमधले दिवस मोजा, महिन्याच्या आसपास भरतील. पुढे कधीतरी ती विस्कळीत होऊन थांबली असतील, तेही सापडेल. 1985 चा तीन महिन्यांचा खंड आणि मग दवाखाना, यावरून जे मनात येतं ते माझ्याही मनात आलं. दिवस राहिले असतील आणि टिकले नसतील. किंवा ठेवायचे नाहीत असं दोघांनी ठरवलं असेल, तेव्हा ते कायद्याने करता येत होतंच. किंवा यातलं काहीच नसेल, दुसऱ्या दुखण्याने पाळी लांबली असेल. चार शब्द आणि कोरा आठवडा यावरून कुणाचा इतिहास लिहू नका. पण तुम्हाला वाटतं ना, आईने मनातलं फारसं लिहिलंच नाही? ही इतक्या वर्षांची टिंबं बघा. आपल्या देहाबद्दल, भीतीबद्दल, सुटकेबद्दल त्या दर महिन्याला लिहीत होत्या, फक्त अक्षरं वापरत नव्हत्या. मला विचाराल तर त्या 1989 च्या वाक्याहून या कोऱ्या आठवड्यात आईंचं अंतरंग जास्त आहे.

आणि ते एकट्या आईंचं नाही, म्हणून बाबांकडे येऊ. डायऱ्यांचा गठ्ठा त्यांच्यापुढे नेऊन ठेवायचा, हा एक टोकाचा प्रामाणिकपणा झाला. लिओ टॉलस्टॉयने तो केला. 1862 मध्ये लग्नाआधी, स्वतः 34 वर्षांचा असताना, अठरा वर्षांच्या सोफियाच्या हातात त्याने आपल्या जुन्या डायऱ्या दिल्या. त्यात त्याच्या तरुणपणच्या सगळ्या भानगडी होत्या. त्याला वाटलं, बायकोपासून काही लपवायला नको. त्याचं ओझं उतरलं आणि तिच्या डोक्यावर चढलं. पुढे कित्येक वर्षं तिच्या स्वतःच्या डायरीत ती जखम भळभळत राहिली.

बाबांना ‘पोळ्या कोण करणार’ हे वाक्य वाचून दाखवून काय साधेल? ते आता उत्तर देऊ शकत नाहीत आणि माफी मागायला समोर कुणी नाही. पण ‘काही नाही, नुसता हिशेब आहे’ असंही सांगू नका. दोनदा विचारलं त्यांनी, म्हणजे काहीतरी आहे याचा अंदाज त्यांना आहे. सरळ सांगा की हिशेब आहे, आणि तिच्या एकटेपणाबद्दलही काही आहे. ‘तुम्हाला वाचायचं असेल तर मी शेजारी बसते,’ असं म्हणा. मग त्यांचं त्यांना ठरवू दे. 1985 बद्दल डायरीचं नाव न काढता विचारा, ‘मी दुसरीत होते तेव्हा आई आजारी होती का हो?’ ते ‘आठवत नाही’ म्हणाले तर विषय तिथेच सोडायचा. म्हातारा माणूस ‘आठवत नाही’ म्हणतो तेव्हा ते पुष्कळदा उत्तरच असतं. पण कदाचित ते बोलतीलही. तसं झालं तर 40 वर्षं त्यांनीही कुणाशी न बोललेली एखादी गोष्ट असेल, तेव्हा वही आणायला उठू नका.

भावाच्या म्हणण्यात तथ्य नाही असं नाही. गेलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही, म्हणून त्याच्या कपाटात हात घालताना जपायला हवं. पण 2019 ला लिहिणं थांबल्यावर आई पाच-एक वर्षं होत्या. डायऱ्या कुठे आहेत हे त्यांना माहीत होतं, बंब परसात होता. त्यांनी त्या जाळल्या नाहीत, तुम्हाला जाळायला सांगितल्या नाहीत. तुम्ही वाचाव्यात अशी त्यांची इच्छा होती, असा याचा अर्थ मी काढत नाही. माणसं कित्येक गोष्टी नुसत्याच टाकत नाहीत. पण जाळण्याचा निर्णय आईंनी घेतला नाही तो भावाने तीन आठवड्यांत घ्यायचं काही कारण नाही. त्याला म्हणावं, दोन दिवाळ्या जाऊ दे. त्याला वाचायच्या नसतील तर त्याने वाचू नयेत. त्याच्याबद्दल काय आलंय हे त्याला फोन करून सांगायचं नाही, हे तुम्हीही पाळा.

तुम्ही वाचायच्याच असतील तर रात्री वाचू नका. सध्या तुम्ही पानं उलटता आणि आपलं नाव शोधता, हे पत्रावरून कळतं, आणि नाव सापडेल तिथे थांबता. त्याने झोप जाणारच. एक वर्ष घ्या, जानेवारी ते डिसेंबर, सलग. दूध वाढलं कधी, उधारी थकली कधी, भिशी लागली तेव्हा पैशांचं काय केलं. कुणाला पत्र पाठवलं, कुणाचं आलं नाही. ती बाई एका वर्षात कशाकशातून गेली हे त्या हिशेबातून दिसेल, आणि मग मध्ये ते एक वाक्य येईल तेव्हा ते कुठून आलं ते तुमचं तुम्हालाच कळेल. एका वर्षानंतर नको वाटलं तर बाकीच्या बांधून ठेवा. सदतीसच्या सदतीस वाचल्याच पाहिजेत असा काही नियम नाही. तीन आठवड्यांची झोप मात्र हलक्यावारी घेऊ नका. महिना उलटला तरी हेच चाललं तर डॉक्टरांना सांगा, डायरीचा विषय न काढता नुसतं झोपेचं सांगितलंत तरी चालेल.

राहता राहिलं तुमचं मोबाइलवरचं लिखाण. पुसू नका एवढ्यात. आईंच्या डायऱ्यांनी जो घोळ झाला तो त्यांनी लिहिलं म्हणून झाला नाही, त्यांना काय व्हायला हवं होतं हे कुठेच लिहिलेलं नाही म्हणून झाला. तुम्ही ते लिहून ठेवा, अगदी पहिल्या नोंदीत: हे वाचावं, वाचू नये, अमक्याने वाचावं, की पुसावं. दर वर्षी मत बदललं तर ओळ बदला. आणि मुलीवर वैतागून लिहिलेली नोंद दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वाचत जा. अजून तसंच वाटत असेल तर राहू दे, नसेल तर खाली एक ओळ तारीख घालून वाढवा. ॲनने केलं तसं. हे सगळं लांबचं झालं. आज संध्याकाळी आधी एवढं तपासा की त्या फोनचा पासवर्ड मुलीला माहीत आहे का. चौदाव्या वर्षी बहुतेक माहीत असतो.